चिखलीच्या गोठ्यांतून

आमचा थोरला पुतण्या इंग्लंडांत असतो. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यानें आपल्या रजेचे पंधरा दिवस मोरोक्को देशांत घालविले. तेथें ओझें वाहणाऱ्या गाढवांवर व खेचरांवर उपचार करणारें पशुवैद्यांचें एक पथक होतें. हा स्वतः वैद्य नव्हे. परंतु खोगिराखालीं पडलेल्या जखमा धुणें, पाणी आणणें, दोर धरून उभें राहणें हीं कामें त्यानें मनापासून केलीं. त्याचीं छायाचित्रें आलीं तेव्हां आमचें सारें घर ओटीवर जमलें. वहिनींनीं डोळे पुसले. धाकटे बंधु म्हणाले, "पोरानें घराण्याचें नांव काढलें." आम्हींहि भूतदयेवर चार वाक्यें बोलून घेतलीं. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या माणसास तेवढें सहज साधतें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत धाकट्या बंधूंच्या कन्येस चिखली तालुक्यांत जाण्याची सूचना आली. ती पशुवैद्यकाच्या पदवीच्या अखेरच्या वर्षांत होती. गुरांमध्यें लम्पी नांवाचा चर्मरोग पसरला होता, आणि लसीकरणासाठीं माणसें अपुरीं पडत असल्यामुळें सरकारनें या विद्यार्थ्यांचें साहाय्य घेतलें होतें. ही वार्ता ऐकून त्याच ओटीवर अगदीं निराळी सभा भरली. वहिनी म्हणाल्या, "मुलीच्या जातीनें गोठ्यागोठ्यांतून शेणामुतांत हिंडायचें? आणि तेंहि पितृपक्षांत?" बंधूंनीं एखादा प्रकृतीचा दाखला मिळवून हें टाळतां येईल काय, अशी चौकशी आरंभिली. आम्ही मान हलवीत बसलों होतों. तेवढ्यांत तांदूळ निवडीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती मान वर न करतां म्हणाल्या, "मोरोक्कोच्या गाढवांचें शेण काय केशराच्या वासाचें असतें?"

यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. मुलीनें जावें असें ठरलें, आणि तिला सोबत म्हणून आम्हीं जावें असेंहि ठरलें. एकत्र कुटुंबांत सेवानिवृत्त मनुष्य घरांतील शिडीसारखा असतो; ज्याला लागेल त्यानें उचलून न्यावा.

नागपुराहून रात्रीच्या गाडीनें निघून आम्ही पहांटे शेगांवास उतरलों. गजानन महाराजांच्या मंदिराच्या कळसास हात जोडले आणि मोटारीनें खामगांव गांठलें. खामगांव ही एके काळीं कापसाची फार मोठी पेठ होती. त्या कापसाकरितां १८७० सालीं मुख्य लोहमार्गापासून एक लहानशी शाखा मुद्दाम तेथवर नेण्यांत आली. तेथून चिखलीचा रस्ता दक्षिणेकडे चढूं लागतो. बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात, घाटाखालचा व घाटावरचा. घाटाखालीं पूर्णेचें सपाट, काळें, तापणारें खोरें; घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेनें उचलून धरलेला उंचसखल प्रदेश. पैनगंगा याच जिल्ह्याच्या डोंगरांत जन्म घेते. चिखली ही घाटावरची. वर येतांच वाऱ्यांत गारवा जाणवूं लागला. उंद्री मागें पडलें, अमडापूर आलें, टेकडीवरच्या बल्लाळदेवीस मोटारींतील बायकांनीं बसल्या जागेवरूनच नमस्कार केला. दोहों बाजूंस सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या. आमच्या लहानपणीं आम्ही आत्याबाईंकडे चिखलीस येत असूं तेव्हां हीच शेतें ज्वारीनें व कापसानें भरलेलीं असत.

आमच्या स्मरणांतल्या त्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग कधीं तुटत नसे. हल्लीं गाड्या थोड्याच उरल्या आहेत हें आम्ही जाणतों. परंतु त्या दिवशीं एकहि बैल रस्त्यावर दिसला नाहीं. रोग पसरूं नये म्हणून गुरांचे बाजार बंद होते आणि जनावर एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्यास मनाई होती. हिरव्यागार शिवारांत घंटेचा नाद नाहीं, ही गोष्ट मनास चटका लावून गेली.

चिखली या नांवाची व्युत्पत्ति कोशांत शोधण्याचें कारण नाहीं; भाद्रपदांत पायांतील वहाणच ती सांगते. आत्याबाई निवर्तून पुष्कळ वर्षें झालीं. त्यांच्या नातवानें आम्हांस वाड्यांतील माडीवरची खोली दिली. दुसऱ्या दिवशीं पुतणी रेणुकामातेच्या देवळांत नारळ ठेवून कामावर रुजू झाली.

या रोगाविषयीं वाचकांस थोडें सांगणें अवश्य आहे. देवी या नांवानें शेळ्यामेंढ्यांना जो रोग होतो, त्याच्याच कुळांतील एका विषाणूमुळें गाईबैलांना लम्पी होतो. जनावरास ताप येतो, डोळ्यांनाकांतून पाणी गळूं लागतें, अंगभर गांठी उठतात, पाय व मानेखालची पोळी सुजते, दूध आटतें, आणि पुढें त्या गांठी फुटून जखमा होतात. माणसास हा रोग होत नाहीं. डांस, चावऱ्या माश्या आणि गोचिडी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. आफ्रिकेंतील आजच्या झांबिया देशांत १९२९ सालीं तो प्रथम नोंदला गेला. नव्वद वर्षांनीं, २०१९ सालीं, तो ओडिशांत दिसला. २०२२ सालीं गुजरात व राजस्थान येथें त्यानें हाहाकार उडविला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांतून तो आपल्याकडे पसरत आला. बुलढाणा जिल्हा जळगांवचा शेजारी. त्यास झळ लागण्यास वेळ लागला नाहीं. विषाणूस मारणारें थेट औषध नाहीं. ताप उतरविणें, जखमा चिघळूं न देणें, अंगांत पाणी व अन्न जाईल असें पाहणें, एवढेंच वैद्याच्या हातीं असतें. म्हणून रोग होण्यापूर्वींच शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोंचावयाची, असा उपाय योजिला होता. ती अंगीं लागण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. वाचकांनीं हा शेवटला आंकडा ध्यानांत ठेवावा. आम्हीं तो ठेविला नाहीं.

पथकांत एक पशुधन विकास अधिकारी, एक पर्यवेक्षक, जनावर धरण्यांत वाकबगार असा एक परिचर आणि आमची पुतणी, अशीं चार माणसें होतीं. सकाळीं सहाच्या सुमारास बर्फाच्या पेटींत लशीच्या कुप्या घेऊन निघावयाचें. ही लस उष्णतेनें बिघडते, आणि एकदां पाण्यांत मिसळली म्हणजे थोड्याच वेळांत संपवावी लागते. म्हणून गुरें रानांत जाण्यापूर्वींच गांव गांठावें लागे. ज्या गांवांत जनावर अडकवावयाचा लाकडी खोडा होता तेथें काम सुलभ. नसेल तेथें लिंबाच्या झाडास कासरा गुंडाळून परिचर वेसण धरी, आणि पुतणी मानेची कातडी चिमटींत उचलून सुई घाली. प्रत्येक जनावरास नवी सुई, हा नियम ती कधींहि मोडीत नसे. एका सुईनें दहा जनावरें टोंचलीं तर काम लवकर उरकेल, असें एका पाटलानें सुचविलें, त्यावर ती म्हणाली, "मग माशीनें करायचें तेंच काम मी केल्यासारखें होईल, काका." मोरोक्कोच्या चित्रांत जें आम्हीं कौतुकानें पाहिलें होतें तें आतां डोळ्यांदेखत चाललें होतें; फरक इतकाच कीं येथें त्याला वास होता आणि लाथ होती. दुसऱ्याच दिवशीं एका कालवडीनें आमच्या मांडीवर खुराचा शिक्का उठविला.

आम्ही केवळ सोबतीस गेलों होतों. परंतु पांढऱ्या केसांचा मनुष्य झाडाखालीं रिकामा बसलेला कोणासच पाहवेना. अधिकाऱ्यांनीं नोंदवही आमच्या हातीं दिली. मालकाचें नांव, जनावर, रंग, वय, गाय गाभण असल्यास महिना, आणि कानांतील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आंकड्यांचा क्रमांक. हा क्रमांक परिचर ओरडून सांगे, आम्ही मोठ्यानें उच्चारून लिहीत असूं, आणि भोंवतीं जमलेलीं पोरें पाढे म्हटल्यासारखीं आमच्या मागून तो घोकीत. निवृत्तीनंतर सहा वर्षांनीं आम्हांस पुन्हा वर्ग मिळाला.

त्या वहींत लिहितां लिहितां कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील गोऽध्यक्षाचें प्रकरण आम्हांस आठवलें. राजाच्या गुरांवर देखरेख करणाऱ्या त्या अधिकाऱ्यानें प्रत्येक जनावरावरील डाग, त्याची जन्मखूण, वर्ण आणि दोन शिंगांमधील अंतर यांची नोंद ठेवावी असें त्यांत सांगितलें आहे. लहान, वृद्ध व आजारी गुरांची चिकित्सा गोपालकांनीं करावी, असेंहि सांगितलें आहे. हें प्रकरण आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां समजावून दिलें होतें. पण जनावराच्या शिंगांत किती अंतर आहे हें पाहण्यास त्याच्या समोर उभें राहावें लागतें, ही गोष्ट आमच्या व्याख्यानांत कधीं आली नव्हती.

चौथ्या दिवशीं ज्या गांवीं आम्ही गेलों त्याचें नांव येथें देत नाहीं. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें त्या म्हाताऱ्याच्या दुःखाचें आहे आणि त्याची वाच्यता त्याला रुचेल असें वाटत नाहीं. त्याची तीन एकर कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी. एक बैल शुभ्र, त्याचें नांव ढवळ्या. दुसरा तांबूस, अंगावर पांढरे ठिपके असलेला, म्हणून पाखऱ्या. दोन्ही बैलांना त्यानें पहांटे धुऊन आणिलें होतें. लस टोंचून झाल्यावर पुतणीनें त्यास नेहमींप्रमाणें समजावून सांगितलें. लस अंगीं लागण्यास तीन आठवडे लागतील. तोंवर धोका टळलेला नाहीं. गोठ्यांत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावा, गोचिडी वेंचून काढाव्या. ताप अगर गांठ दिसतांच जनावर वेगळें बांधावें, त्याचें पाणी व गव्हाण वेगळी ठेवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत कळवावें.

म्हाताऱ्यानें तिचें सर्व बोलणें ऐकून घेतलें. मग तो आमच्याकडे वळला आणि हळूच विचारता झाला, "गुरुजी, आता माह्या बैलाले काही होत नाई ना?"

त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं आम्हीं शेंकडों बापांच्या तोंडावर पाहिली आहे. आणि पस्तीस वर्षांच्या संवयीनें आमच्या तोंडून शब्द निघून गेले, "लस झाली ना? आतां निर्धास्त राहा."

तो आमच्या पाया पडला. आम्हांस समाधान वाटलें, हेंहि येथें लपवीत नाहीं. त्या दिवसापासून असा प्रश्न कोणीं विचारला कीं आम्ही तेंच उत्तर देऊं लागलों. सुई टोंचणें आम्हांस येत नव्हतें. धीर देणें ही आपली सेवा, असें आम्हीं मनाशीं धरलें होतें.

नवरात्र बसलें. ललितापंचमीच्या सकाळीं त्या गांवाहून निरोप आला. आम्ही पोहोंचलों तेव्हां पाखऱ्या गोठ्यांत मान खालीं घालून उभा होता. मानेवर, खांद्यावर, पोटावर गांठी. पुढचा उजवा पाय सुजून खांबासारखा झालेला. पोळीवर पाणी उतरलेलें. ताप केव्हांपासून आहे, असें पुतणीनें विचारलें. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशींच अंग गरम लागलें होतें, असें म्हाताऱ्यानें सांगितलें. म्हणजे तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत पाखऱ्या ढवळ्याशेजारींच बांधलेला होता, आणि दोघे एकाच गव्हाणींत तोंड घालीत होते.

"मग कळविलें कां नाहीं, बाबा?"

म्हातारा कांहीं बोलला नाहीं. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि नजर खालीं वळविली. त्याची सून मात्र म्हणाली, "गुरुजीनं सांगतलं होतं ना, की आता भेव नाई म्हनून."

चार दिवस उपचार चालले. पुतणी सकाळसंध्याकाळ जाऊन येई. जखमा धुतल्या, सुया दिल्या, शिरेंतून पाणी चढविलें. अष्टमीच्या पहांटे पाखऱ्या गेला. शिवाराच्या कडेस खोल खड्डा खणून, खालीं वर चुना टाकून त्याला पुरलें. असें केलें नाहीं तर रोग आणखी पसरतो. नुकसानभरपाई मिळावी म्हणून पंचनामा करणें भाग होतें. सरकारनें मृत दुभत्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये ठरविले होते. बिल्ल्यावरील बारा आंकडे पुन्हा लिहावयाचे होते, आणि तें काम अर्थात् आमचेंच. या खेपेस कोणीं पोर आमच्यामागून घोकलें नाहीं.

जोडींतला एक बैल गेला म्हणजे शेतकऱ्याचें अर्धें नुकसान होतें असें नव्हे. एका बैलानें औत चालत नाहीं. सोयाबीन काढून हरभरा पेरावयाचा तो दसऱ्यादिवाळीच्या सुमारास. तेव्हां त्याच्या दारीं जोडी नसणार होती. ढवळ्या दुसऱ्या बाजूस तोंड करून उभा होता आणि कडब्यास शिवत नव्हता.

त्या रात्रीं माडीवर आम्हीं पुतणीस विचारलें, "आम्ही तसें बोललों नसतों तर पाखऱ्या वांचला असता काय?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, तें मला सांगतां येणार नाहीं. लस देण्यापूर्वींच रोग त्याच्या अंगांत शिरला असेल. वेळेवर कळलें असतें तरी कदाचित् गेला असता. पण ते तीन दिवस गेले, एवढें खरें. मी त्यांना तीन आठवडे म्हणून सांगितलें होतें. तुम्हीं निर्धास्त राहा म्हटलेंत. दोघांपैकीं केस तुमचे पांढरे आहेत."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें. ओटीवर याच मुलीस आपण सोबत पाहिजे असें आम्हांस वाटलें होतें! आम्ही रात्रभर जागे होतों. पहांटे एक गोष्ट सुचली. निर्धास्त राहा, असें आम्हीं कोणाकोणास म्हटलें हें आतां आठवत नव्हतें. परंतु आम्ही ज्यांच्या दारीं गेलों त्या प्रत्येकाचें नांव वहींत होतें. नोंदीचा उपयोग प्रथम उमगला तो असा. दोनशेंहून अधिक मालक होते. अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुपारच्या वेळीं, पथकाचें काम आटोपल्यावर, त्या घरांच्या वाटेस लागलों. आत्याबाईंचा नातू आपल्या दुचाकीवर आम्हांस नेई. जेथें चिखलामुळें गाडी जात नसे तेथें वहाणा हातांत घेऊन आम्ही चालत असूं. प्रत्येक दारीं सांगावयाचें, "आम्ही चुकीचें बोललों. लशीस अमुक तारखेपर्यंत वेळ लागेल. तोंवर रोज अंगावरून हात फिरवून पाहा." प्रत्येकास ती तारीख व सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून देत असूं. शिक्षकास दारोदार जाऊन आपली चूक सांगणें जड जातें असा आमचा समज होता. पहिलीं पांच घरें तसें झालें खरें. पुढें लोकांनाच आमच्या लाजेपेक्षां चिठ्ठीची अधिक गरज आहे असें दिसून आलें.

एका घरीं कालवडीच्या मानेखालीं हरभऱ्याएवढ्या दोन गांठी हाताला लागल्या. तिला तेथल्या तेथें वेगळी बांधविली, पुतणीस बोलाविलें. ती कालवड बरी झाली. ती आमच्यामुळें वांचली असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. लम्पी झालेलीं पुष्कळ जनावरें बरीं होतात. परंतु त्या घरच्या इतर गुरांना ती शिवली नाहीं, एवढें मात्र आमच्या चिठ्ठीनें झालें.

याच फेऱ्यांत एका अतिवृद्ध गृहस्थानें आम्हांस बुळकांडीची गोष्ट सांगितली. त्याच्या आज्याच्या गोठ्यांतील अकरा गुरें आठ दिवसांत गेलीं, आणि उरलेलें एक वासरूं आजीनें घरांत चुलीपाशीं बांधून राखलें. आजच्या तरुणांस तो शब्दहि ठाऊक नसतो, आणि त्यांतच त्या शब्दाचें सारें महत्त्व आहे. या बुळकांडीच्या भयानेंच सरकारनें १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली. १८९३ सालीं ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेली. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय त्याआधींच, १८८६ सालीं, निघालें होतें. तेथून पुढें वर्षानुवर्षें लस टोंचणारीं माणसें गांवोगांव हिंडत राहिलीं. २००६ सालीं भारत बुळकांडीपासून मुक्त झाला असें मान्य झालें, आणि २०११ सालीं जगांतूनच ती नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. माणसांच्या देवीनंतर मनुष्यानें पृथ्वीवरून घालविलेला हा दुसराच रोग. तो घालविणाऱ्या हजारों टोंचणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव आम्हांस सांगतां येत नाहीं. आणि त्यांच्यापैकीं कोणीं शेतकऱ्यास निर्धास्त राहा असें म्हटलें असेल, असें आम्हांस आतां वाटत नाहीं.

अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत एक गोष्ट आहे. मनुष्यांची आणि पशूंची, अशा दोन चिकित्सांची व्यवस्था त्यानें केली. आपल्या राज्यांत केली, आणि चोल, पांड्य, ताम्रपर्णी यांच्या व अंतियोक नांवाच्या यवन राजाच्या मुलखांतहि केली. औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें त्या नेऊन लावविल्या. हा लेख शिकवितांना त्या परदेशांच्या नांवांवर आम्ही नेहमीं थांबत असूं. कारण मुलांस दूरच्या नांवांचें आकर्षण फार. आपल्या राज्यांत, हे शब्द त्याच्या आधीं आहेत, हें चिखलीच्या मुक्कामांत आमच्या लक्षांत आलें. मोरोक्कोस गेलेल्या पुतण्याचें काम आम्ही कमी लेखीत नाहीं. तेथील गाढवाची जखम आणि येथील बैलाची गांठ यांत देवाच्या घरीं भेद नसेल. भेद आमच्या ओटीवर होता.

महिना भरून आम्ही परतलों तों दिवाळी आठवड्यावर आली होती. वसुबारसेस आमच्या गल्लींत दरवर्षीं एक गवळी गाय-वासरूं घेऊन येतो; बायका पूजा करतात, पुरणाचा घास देतात आणि तो पुढच्या दारीं जातो. त्या वर्षीं पुतणी आधीं पुढें झाली. तिनें गाईच्या मानेवरून, पोळीखालून, कासेवरून हात फिरविला, कान उलटून गोचिडी पाहिल्या आणि गवळ्यास विचारलें, "लस केव्हां झाली?" त्यानें तारीख सांगितली. तिनें बोटांवर दिवस मोजले. तबक घेऊन उभ्या असलेल्या वहिनी हें सर्व पाहत होत्या. तीन आठवडे केव्हांच होऊन गेले आहेत असें पुतणीनें सांगितल्यावर त्यांनीं गाईस कुंकूं लाविलें. मग तेंच बोट पुतणीच्या कपाळीं टेकविलें आणि कांहीं न बोलतां आंत गेल्या.

पुढील वर्षीं, २०२३ सालीं, अधिक श्रावणामुळें पोळा सप्टेंबरच्या मध्यास आला. आम्ही एकटेच चिखलीस गेलों. म्हाताऱ्याच्या शेजाऱ्याचाहि एक बैल त्या साथींत गेला होता. दोघांनीं सावड केली होती. ह्याचा ढवळ्या आणि त्याचा काळसर बैल, अशी जोडी करून दोघांचीं शेतें पाळीपाळीनें कसलीं होतीं. बैलांची उंची जुळत नव्हती. जूं एका बाजूस कलतें असें म्हातारा म्हणाला. लम्पीचें भय त्याहि वर्षीं सरलें नव्हतें, म्हणून त्यानें गर्दींत न जातां दारापुढेंच दोघांना उभें करून शिंगांस हिंगूळ लाविला होता, गळ्यांत घुंगुरमाळा बांधल्या होत्या. आमच्या पानांत त्याच्या सुनेनें पुरणपोळी वाढली.

जेवण झाल्यावर म्हातारा ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, यंदाबी लस टोचली. आता काही होत नाई ना?"

आम्हीं क्षणभर त्याच्याकडे पाहिलें. मग खिशांतून वही काढली. "तें आमच्या सांगण्याचें काम नव्हे, बाबा," आम्हीं म्हटलें. "लस कोणत्या तारखेस टोंचली तें सांगा. आम्ही लिहून घेतों. आणि उद्यां सकाळीं तुमच्याबरोबर दवाखान्यांत येऊन डॉक्टरांना विचारतों."

त्यानें तारीख सांगितली. आम्हीं ती मोठ्यानें उच्चारून लिहिली. ढवळ्याच्या कानांतील बिल्ला वाचावयास म्हातारा त्याचें डोकें आमच्याकडे वळवीत होता. तोंच त्याचा सात वर्षांचा नातू पायरीवर बसल्या बसल्या बाराच्या बारा आंकडे तोंडपाठ म्हणूं लागला.